ऑईल गळतंय, पण नेमकं कुठून?

या वेळच्या प्रश्नांत मोटारसायकलच्या ऑईलगळतीच्या तक्रारी इतक्या आल्या की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांनी एखाददुसरं पॅकिंग बदलून झाल्यावर लिहिलं आहे. सगळ्यांना आमचं पहिलं सांगणं एकच : ऑईल जिथे दिसतं तिथूनच ते निघालेलं असेल असं नाही. आधी जागा पक्की करा, मगच पाना हातात घ्या.

प्रश्न : १५० सीसीची, हवेवर थंड होणारी गाडी आहे. इंजिनाचा तळ कायम ऑईलने माखलेला असतो. आधी ड्रेन बोल्टचा (ऑईल काढायच्या तळच्या बोल्टचा) वॉशर बदलला, मग मॅग्नेट कव्हरचं (वीज तयार करणाऱ्या भागावरच्या बाजूच्या झाकणाचं) पॅकिंग. दोन दिवसांत तळ पुन्हा ओला. आता इंजिन पूर्ण उघडावं लागेल असं सांगतात. खरंच लागेल का?

उत्तर : इंजिन उघडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. गळलेलं ऑईल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळत असताना वारा त्याला मागे ढकलतो. हेड कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून) पाझरलेलं ऑईल सिलिंडरच्या मागून क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) उतरतं, तिथून कव्हरच्या जोडाच्या कडेकडेने सरकतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे ड्रेन बोल्टच्या डोक्यावर, थेंब होऊन लटकतं. म्हणून पहिला संशय ड्रेन बोल्टवर येतो आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो. आपल्याला शोधायची आहे ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

त्याआधी हे इंजिन ऑईलच आहे ना, याची खात्री करा. थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. ब्रेक ऑईल पाण्याने सहज धुतलं जातं आणि रंगावर पडलं तर रंग फुगवतं. कूलंटला गोडसर वास असतो, ते वाळलं की रंगीत किंवा पांढरी खपली राहते. फोर्कचं ऑईल फोर्कच्या चकचकीत दांड्यावर धुळीची रिंग करतं. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) आसपासचा काळा, चिकट, कणीदार थर म्हणजे बहुतेक वेळा चेनचं उडालेलं वंगण. तो इंजिनाच्या गळतीत धरला तर शोध पहिल्याच पायरीवर चुकतो.

आता सफाई. इंजिन थंड असू द्या. एअर फिल्टरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड आणि विजेचे कनेक्टर प्लॅस्टिकने बांधून घ्या. रॉकेल किंवा डिग्रीझर आणि कडक ब्रश घेऊन वरून खाली साफ करत या. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ पटकन पेट घेते. हेडचे पंखे (थंड होण्यासाठीच्या धातूच्या पातळ पट्ट्या), बोल्टच्या डोक्यांभोवतीचे खळगे आणि स्प्रॉकेट कव्हरची आतली बाजू यांत जुनं ऑईल साचून राहतं. इंजिन तापलं की तेच पातळ होऊन वाहतं आणि नवी गळती असल्यासारखं दिसतं. म्हणून स्प्रॉकेट कव्हर काढूनच साफ करा. पाण्याचा जोरदार झोत सील (फिरत्या दांड्यांभोवतीच्या रबरी कड्या), बेअरिंग आणि चेनवर मारू नका. धुतल्यावर हवा मारून किंवा फडक्याने पूर्ण कोरडं करा. या कामात घाई केली की पुढची सगळी पाहणी फसवी निघते.

ऑईलची पातळी मॅन्युअलप्रमाणे बरोबर करा आणि संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. पायांसाठीची स्प्रे पावडर किंवा भेगा शोधायचा पांढरा डेव्हलपर स्प्रे मिळाला तर थर आणखी एकसारखा बसतो. ब्रेक डिस्क आणि एअर फिल्टर झाकायला विसरू नका.

मग गाडी टप्प्याटप्प्याने तपासा. पहिला टप्पा, इंजिन बंद ठेवून रात्रभर उभी. दुसरा, मोकळ्या हवेत ५ ते १० मिनिटं आयडलवर. तिसरा, न्यूट्रलमध्ये ३००० ते ४००० आरपीएमवर काही मिनिटं. चौथा, ८-१० किलोमीटरची चक्कर. प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन सिलिंडरच्या मागची बाजूही बघा. पावडर ओली झाली की करडी पडते. करड्या ओघळाच्या मागावर वर वर गेलं की एका जागी तो निमुळता होऊन संपतो. त्या टोकाला बोट लावून पाहा. टोकाच्या वर पावडर कोरडी पांढरी असेल, तर उगम तिथेच आहे.

गळती कोणत्या टप्प्यात दिसली यालाही महत्त्व आहे. गाडी नुसती उभी असताना थेंब पडत असेल तर ऑईलच्या पातळीखालच्या जागा तपासा : ड्रेन बोल्ट, बाजूची कव्हरं, खालचे शाफ्ट सील. फक्त इंजिन चालू असताना येत असेल तर दाबाखालच्या जागा : ऑईल प्रेशर स्विच, फिल्टरची ओ-रिंग, ऑईल कूलरचे पाइप, हेडकडे जाणारी ऑईलची लाइन. फक्त जोरात चालवल्यावर येत असेल तर ब्रीदरचा (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचा) विचार आधी करा.

एवढं करूनही बोट ठेवता येत नसेल तर इंजिन ऑईलसाठीचा अल्ट्राव्हायोलेट डाय बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात ऑईलमध्ये टाका, गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. सोबतचा पिवळा चष्मा घातला की ऑईलची रेष पिवळट-हिरवी चमकताना दिसते. अगदी बारीक पाझर असेल तर पावडरपेक्षा डाय सरस ठरतो, कारण पावडर थोडं ऑईल स्वतःच पिऊन टाकते.

तुमच्या गाडीत हेड कव्हर, टॅपेटच्या झाकणांच्या ओ-रिंगा आणि कॅम चेनचा टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून ठेवणारा भाग) आधी तपासा. टेन्शनर बहुधा सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नजरेआड असतो. त्याचं छोटं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेली की ऑईल थेट क्रँककेसच्या पाठीवर उतरतं.

प्रश्न : गाडी साइड स्टँडवर लावली की डाव्या बाजूला रुपयाएवढा डाग पडतो. मेन स्टँडवर लावली तर काहीच नाही. म्हणजे गळती मोठी नाही असं समजावं का?

उत्तर : गळतीचा अंदाज डागावरून नाही, डिपस्टिकवरून करा. तुमच्या निरीक्षणाने शोध मात्र सोपा झाला आहे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑईल त्या बाजूला चढतं आणि एरवी कोरडा राहणारा भाग बुडतो. म्हणजे दोष डाव्या बाजूलाच आहे. बहुतेक गाड्यांत तिथे मॅग्नेट कव्हर, गिअर शिफ्ट शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, न्यूट्रल स्विच आणि काही इंजिनांत क्लच पुश रॉडचं सील असतं.

सगळ्यात जास्त नजरचूक होते ती मॅग्नेट कव्हरच्या वायरींच्या रबरी बुचाची. स्टेटरच्या (वीज तयार करणाऱ्या गुंडाळीच्या) वायरी जिथून बाहेर येतात तिथलं रबर कडक झालं की ऑईल वायरींच्या बाजूने येतं. कधी ते वायरींच्या आतूनही येतं : तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखालून ऑईल शोषलं जातं आणि पुढे कनेक्टरमध्ये बाहेर पडतं. कनेक्टर सोडवून बघा. पिना ऑईलने ओल्या असतील तर कव्हरचं पॅकिंग कितीही वेळा बदललं तरी उपयोग नाही. अशा वेळी बुचाजवळ वायरीचं आवरण थोडं सोलायचं, उघड्या तारांवर सोल्डर भरून फटी बुजवायच्या, उष्णतेने आकसणारी नळी चढवायची आणि बूच सीलंट लावून परत बसवायचं.

शिफ्ट शाफ्टचं किंवा स्प्रॉकेटमागचं सील गेलं असेल तर ते बहुतेक इंजिनांत बाहेरून बदलता येतं. पण नव्या सीलकडे आधी नीट पाहा. काही सीलच्या बाहेरच्या कडेला उंचवटा असतो आणि तो क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांत अडकवलेला असतो. असं सील ओढून निघत नाही, जोर लावला तर केसच खराब होते. साधं सील असेल तर त्याच्या पत्र्यात बारीक स्क्रू थोडासा फिरवा आणि पकडीने सरळ ओढा. शाफ्टवर किंवा केसच्या भोकावर ओरखडा पडता कामा नये, नाहीतर नवं सीलही पहिल्या दिवसापासून गळेल.

नवं सील घेताना त्यावर छापलेली मापं जुळवा. २०×३४×७ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ३४ आणि जाडी ७. स्प्रिंग असलेली ओठाची बाजू ऑईलकडे, म्हणजे आत असायला हवी. ओठाला ग्रीस लावा. शाफ्टवर आटे किंवा खाचा असतील तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओठ कापला जाणार नाही. सॉकेटने चारी बाजूंनी सारखं ठोकून जुन्या सीलइतकंच आत न्या. बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या ओठाने पाडलेली खाच नखाला अडकत असेल तर नवं सील, आत जागा असल्यास, मिलिमीटरभर पुढेमागे बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर येईल. आणि चेन फार ताणून ठेवलेली नाही ना, ते तपासा. अतिताणाने आऊटपुट शाफ्टचं बेअरिंग झिजतं, शाफ्ट हलायला लागतो आणि त्या जागी कुठलंच सील टिकत नाही.

प्रश्न : सिलिंडरचे पंखे एका बाजूने ओले असतात. हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं पॅकिंग) गेलं समजायचं का?

उत्तर : लगेच नाही. हेड कव्हरचं ऑईलही पंख्यांतच उतरतं. वरच्या दोन-तीन पंख्यांना ओल असेल तर दोष कव्हरचा. हेडचे पंखे कोरडे आणि हेड-सिलिंडरच्या जोडाखालीच ओल सुरू होत असेल तर हेड गॅस्केट. जोड जिथे कॅम चेनच्या बोगद्यावरून किंवा ऑईलच्या वाटेवरून जातो, तिथेच सहसा पाझर होतो. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला, आडव्या-तिरप्या क्रमाने तपासा. तेवढ्याने थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर गॅस्केट बदलावंच लागेल. ठरलेल्या टॉर्कच्या वर नट आवळणं हा उपाय नाही, त्याने स्टड ताणला जातो आणि ॲल्युमिनियममधले आटे सुटतात.

हेड कव्हर रबरी पॅकिंगचं असेल तर त्याची एक खुबी लक्षात घ्या. पुष्कळ इंजिनांत कव्हरच्या बोल्टना खांदा असतो. तो खांदा हेडवर टेकला की बोल्ट आणखी आवळून कव्हर एक केसभरही खाली जात नाही. दाब येतो तो बोल्टखालच्या रबरी वॉशरमधून. ते वॉशर दगडासारखे कडक झाले असतील तर नवं पॅकिंग घालूनही कव्हर पाझरतं. पॅकिंगबरोबर वॉशरही बदला, आणि अर्धचंद्राच्या आकाराची बुचं असतील तर त्यांच्या कोपऱ्यांवर सीलंटचा बारीक ठिपका द्या.

प्रश्न : लांबच्या प्रवासात सतत जास्त वेगाने चालवल्यावर एअर फिल्टर बॉक्समध्ये ऑईल साचतं, ते खालच्या नळीतून टपकतं आणि मागच्या भागावर उडतं. शहरात चालवताना हा त्रास नाही.

उत्तर : हे ऑईल ब्रीदरमधून येतंय. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि ती ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्सकडे जाते. वेग वाढला की तिच्याबरोबर ऑईलचे तुषार जास्त जातात.

आधी पातळी पाहा. गाडी सपाट जागी उभी, इंजिन २-३ मिनिटं चालवून बंद, मग २-३ मिनिटं थांबून मोजमाप. डिपस्टिक आटे लावून मोजायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं आणि इथेच जास्तीचं ऑईल भरलं जातं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर क्रँक आणि गिअर ऑईल घुसळतात, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. जादा ऑईल सिरिंज आणि नळीने काढून टाका.

पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालूच करू नका. कार्ब्युरेटरची सुई नीट बंद न झाल्याने किंवा इंजेक्टर गळून पेट्रोल इंजिनात उतरलं असणार. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगचं रक्षण करत नाही. कारण दूर करा, ऑईल बदला, मग स्टार्टर मारा.

पातळी बरोबर असूनही त्रास होत असेल तर ब्रीदरची नळी टाकीखाली दुमडली आहे का बघा. तीत पांढरट चिकट साय साचली असेल तर साफ करा. छोट्या चकरांत इंजिन पुरेसं तापत नाही, आत जमलेलं पाणी ऑईलमध्ये मिसळतं आणि ही साय होते. ब्रीदर तुंबला की आतला दाब वाटेल तिथून बाहेर पडतो. एकाच वेळी तीन-चार जागा ओल्या दिसल्या तर तीन-चार पॅकिंग आणण्याआधी ब्रीदर तपासा.

ब्रीदर मोकळा असेल तर शेवटी पिस्टनच्या रिंगा उरतात. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. मग सिलिंडरमध्ये साधारण ५ मिलिलिटर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, आणि हे काम बाहेरच्या कुठल्याही पॅकिंगने होणारं नाही.

प्रश्न : क्लच कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं, दोन्ही वेळा त्याच जागी पाझर. या वेळी सिलिकॉनचा जाड थर देऊन टाकू का?

उत्तर : नको. जाड थरातलं जास्तीचं सिलिकॉन जोडाच्या दोन्ही बाजूंना दबून बाहेर येतं. बाहेरचं तुम्हाला दिसतं, आतलं तुटून ऑईलच्या जाळीत किंवा बारीक वाटेत अडकतं आणि वरच्या कॅमपर्यंत ऑईल पोहोचत नाही. कागदी पॅकिंग बहुतेक ठिकाणी कोरडंच बसवायचं असतं. सीलंट फक्त मॅन्युअलने दाखवलेल्या जागी, म्हणजे सहसा क्रँककेसच्या दोन भागांचा जोड कव्हरला जिथे मिळतो तिथे आणि वायरींच्या बुचाभोवती, तेही पातळ.

दोन्ही वेळा तीच जागा पाझरत असेल तर दोष पृष्ठभागाचा, बोल्टचा किंवा मधे अडकलेल्या कशाचा तरी आहे. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पातीने आणि गॅस्केट रिमूव्हरने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं असेल तर ओरखडाच ऑईलची वाट बनतो. मग कव्हरवर सरळ धारेची पट्टी ठेवा आणि ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज तिच्याखाली सरकवून पाहा. गेज सहज जात असेल तर कव्हर वाकलं आहे. दोन्ही डॉवेल पिना (कव्हर नेमकं बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का बघा. पीन हरवली असेल तर कव्हर किंचित सरकून बसतं. बोल्टच्या भोकाभोवती धातू वर उचलला गेला असेल तर तेवढाच उंचवटा सपाट चौकटीवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हळू काढा आणि भुकटी पुसून घ्या.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात खोचून ठेवा. आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो, हाताला आवळल्यासारखा वाटतो आणि पॅकिंगवर मात्र दाबच येत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाझर होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. आंधळ्या (पलीकडून बंद) भोकात ऑईल साचलं असेल तर तेही काढा, नाहीतर बोल्ट ते दाबतो आणि केसला तडा जाऊ शकतो.

६ मिलिमीटरच्या कव्हर बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. १० म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर जवळपास १० किलोचा जोर, मोठ्या रॅचेटने हा सहज ओलांडला जातो. सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

प्रश्न : ड्रेन बोल्ट आवळताना नुसताच फिरतो. वॉशरवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काम भागेल का?

उत्तर : नाही. आटे गेले आहेत, आणि सुटलेला ड्रेन बोल्ट चालत्या गाडीत पडला तर मागच्या चाकासमोर सगळं ऑईल सांडतं. ऑईल पूर्ण काढून त्या मापाचं हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) किंवा आट्यांचं बुश बसवून घ्या. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांना ग्रीस लावा म्हणजे भुकटी त्यात चिकटून बाहेर येईल. उरलेली भुकटी स्वस्त ऑईल ओतून धुऊन काढा. ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा वापरा. तांब्याचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो.

प्रश्न : पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या वॉटर पंपाखाली एक बारीक भोक आहे, तिथून थेंब येतो. ते बुजवलं तर?

उत्तर : बुजवू नका. पंपात दोन सील असतात, एक कूलंट अडवतं आणि दुसरं ऑईल. त्यांच्या मधल्या जागेतून हे भोक निघतं, म्हणजे सील गेलं की ते बाहेर कळावं. कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलंय, ऑईल आलं तर ऑईल सील. भोक बंद केलं की कूलंट ऑईलमध्ये शिरतं आणि बेअरिंग जातात. पंप उघडला की दोन्ही सील एकदमच बदला.

प्रश्न : सध्या वेळ नाही. गळती थांबवणारं औषध ऑईलमध्ये टाकून महिनाभर गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर : ही औषधं रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलवर थोडा काळ फरक पडतोही, पण पॅकिंग, आटे किंवा तडा यांवर काहीच नाही. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो. मोटारगाडीसाठीचं औषध पडलं तर क्लच घसरू शकतो. म्हणूनच ऑईलही अशा क्लचसाठीच्या जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं लागतं.

महिनाभर चालवायची की नाही, हे ऑईल किती आणि कुठे जातंय यावर ठरवा. लहान सिंगल सिलिंडर गाड्यांत एकूण ऑईल साधारण १ लिटरच असतं. रोज निघण्याआधी पातळी बघा, खालच्या खुणेला आली की त्याच ग्रेडचं भरा आणि किती भरलं ते लिहून ठेवा. नुसती ओल दिसते आणि पातळी हलत नाही, तर दुरुस्ती थांबू शकते. पातळी आठवड्यात खाली येत असेल, सायलेन्सरच्या बेंडवर पडून धूर निघत असेल किंवा ऑईल प्रेशरचा दिवा लुकलुकला, तर गाडी उभी करा.

मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर ऑईल आलं असेल तर एक फेरीही नको. टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवा, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, आणि पॅड किंवा शू भिजले असतील तर धुऊन परत लावू नका, नवेच घाला. ऑईल त्यांच्या आत मुरतं आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येतं.